लाल शाईतलं ‘जाऊन ये’

मी बोलतेय. आवाज खालून येतोय ना? बरोबर आहे. बायकांच्या वॉर्डात नर्सिंग टेबल आहे, त्याचा सगळ्यात खालचा खण, जो ओढला की निम्म्यातच अडकतो, त्यात मी पडून आहे. माझ्याखाली दोन जुन्या फायली आहेत, बिघडलेलं बीपीचं यंत्र आहे आणि सेल गळून खराब झालेला एक टॉर्च आहे. यांच्यापैकी कोणी बोलत नाही. म्हणून तुमच्याशी बोलते.

मी एक वही आहे. वही म्हटलं की तुम्हाला लगेच शाळा आठवली असेल, शुद्धलेखन आठवलं असेल. तसली मी नाही. मी रिक्वेस्टची वही. दवाखान्यात नर्सेसना पाळीनं ड्यूटी लागते. सकाळ, दुपार, रात्र. पुढच्या आठवड्याची यादी वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर करतात. ती यादी होण्याआधी ज्या नर्सला एखाद्या दिवशी सुट्टी हवी असेल, पाळी बदलून हवी असेल, तिनं माझ्यात लिहायचं. लिहायचं म्हणजे, लिहायच्या. आता कोणी लिहीत नाही.

दवाखान्याचं नाव मी सांगणार नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे, ट्रस्टचा आहे, फाटकासमोर घाटंजीची एसटी थांबते, एवढं पुरे. कोणाची अब्रू घालवायला मी बसलेली नाही. मला फक्त निशिगंधाबद्दल सांगायचंय. ती या वॉर्डात नर्स होती आणि ती इथून जाऊ नये असं मला फार वाटत होतं. वहीला वाटून काय होणार, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणते. तरी वाटत होतं.

मला विकत आणलं त्या वेळच्या इन्चार्ज शीला सिस्टरनी. कोरोनाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. यवतमाळच्या मेन लाइनमधल्या एका दुकानात आम्ही बाराजणी एकीवर एक पडलो होतो. शीला सिस्टरनी मधली मला ओढून काढली, एक पान दोन बोटांत धरून चोळलं आणि दुकानदाराला विचारलं, "लाल शाई फुटत नाही ना याच्यावर?" तो म्हणाला, नाही फुटत. तिथेच माझं नशीब ठरलं. तेव्हा मला वाटलं, या बाई हिशेबाच्या असणार. लाल शाई म्हटलं की दुसरं काय वाटणार?

वॉर्डात आल्यावर माझं बारसं झालं. उकंडा मामा म्हणजे आमच्या वॉर्डाचे जुने कर्मचारी. वय पन्नाशीच्या पुढचं, दवाखान्यात सगळे त्यांना मामाच म्हणतात. त्यांनी कुठून तरी एक जुना एक्स-रे आणला आणि त्याचं कव्हर मला घातलं. कोणाच्या तरी पायाचा घोटा आहे तो. उजेडात धरलं की अजून दिसतो. मी त्या माणसाला ओळखत नाही, पण इतकी वर्षं माझी पाठ त्याच्या घोट्यानं सांभाळली आहे. मग शीला सिस्टरनी बँडेजची एक लांब पट्टी कापली, तिच्या एका टोकाला पेन बांधलं आणि दुसरं टोक माझ्या शिवणीत ओवलं. "पेन नाही म्हणून लिहिलं नाही, असं कोणी म्हणायला नको," त्या म्हणाल्या.

माझ्या पहिल्या पानावर त्यांनी लिहिलं : ‘जे हवं ते लिहा. कारण लिहायची सक्ती नाही.’

कारण लिहायची सक्ती नव्हती, तरी सगळ्याजणी कारण लिहायच्या. बायकांचा स्वभावच असा की माणसांचा, कोण जाणे. ‘घरी महालक्ष्म्यांचं जेवण आहे, सासूबाई एकट्या आहेत.’ ‘सोयाबीन सोंगणीला आलं, बाया भेटत नाहीत, दोन दिवस द्या.’ ‘नणंदेला पाहायला पाहुणे येऊन राह्यले.’ ‘बुधवारी दुपारची नको, मुलाचा गणिताचा पेपर आहे, तो घाबरतो.’ एकदा वैष्णवीनं लिहिलं, ‘शनिवारी ऑफ हवा. कारण सांगत नाही.’ वैष्णवी म्हणजे वॉर्डातली सगळ्यात बडबडी नर्स. तिनं कारण न सांगणं ही मोठीच बातमी होती. शीला सिस्टरनी खाली लिहिलं, ‘सांगू नको. जाऊन ये.’

हे ‘जाऊन ये’ जरा समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. सुट्टी दिली की इतर वॉर्डांत ‘मंजूर’ लिहितात आणि खाली सही करतात. शीला सिस्टर लाल पेनानं ‘जाऊन ये’ एवढंच लिहायच्या. सही नाही, तारीख नाही. एका नव्या डॉक्टरनं एकदा त्यांना विचारलं, हे काय लिहिता तुम्ही? त्या म्हणाल्या, "मंजूर म्हणायला मी काय तहसीलदार आहे का? घरातून निघालेल्या माणसाला आपण काय म्हणतो? जाऊन ये. त्यातलं ‘ये’ मला पाहिजे, डॉक्टर. जायचं तर कोणीही जातं."

सगळ्यांना सगळं मिळायचं असं नाही. एका दिवशी चौघींनी सुट्टी मागितली की कुठून देणार? तेव्हा त्या लिहायच्या, ‘या वेळी जमत नाही गं. भेट मला.’ आणि ती भेटायला आली की तिला खुर्चीवर बसवून, स्वतः ट्रॉलीला टेकून उभ्या राहून सांगायच्या, का जमत नाही ते. कधी कधी तर नकाराच्या खाली दुसरीच कोणीतरी निळ्या शाईत लिहायची, ‘हिची दुपारची मी करते.’ असं लिहिलं की माझं पान जरा जड व्हायचं. खरंच व्हायचं, तुम्ही हसू नका.

निशिगंधा आली ती माझ्या विसाव्या-बाविसाव्या पानाच्या सुमारास. बोरी अरबची, शेतकऱ्याची पोर. वडील किसनराव, आई मैनाबाई. दहा एकर कापूस, तूर, सोयाबीन. नर्सिंगचा कोर्स नुकताच झाला होता. पहिली रिक्वेस्ट तिनं अर्जासारखी लिहिली : ‘मा. परिसेविका मॅडम, विषय : एक दिवसाची सुट्टी मिळणेबाबत, महोदया…’ अर्धं पान भरलं आणि खाली ‘आपली आज्ञाधारक’. शीला सिस्टर एवढ्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. त्यांनी खाली लिहिलं, ‘आज्ञाधारक नको, निशिगंधा चालेल. जाऊन ये.’

त्या दिवसापासून ती या वॉर्डाची झाली. झरी जामणीकडून एक कोलाम आदिवासी बाई यायची, अंगात रक्त नाही, डोळे पिवळे. ती कोणाला हात लावू द्यायची नाही, सुई दिसली की भिंतीकडे सरकायची. निशिगंधानं तिच्या सोबतीला आलेल्या बाईकडून कोलामीतले पाच-सहा शब्द शिकून घेतले. ड्यूटी दोनला संपली तरी चारपर्यंत तिच्या कॉटवर बसली आणि गप्पा मारता मारता सुई लावली. ते शब्द तिनं माझ्याच शेवटच्या पानावर लिहून ठेवले होते. अजून आहेत. तिला कोणी थांब म्हटलं नव्हतं. कोणी घड्याळही पाहिलं नव्हतं.

कोरोनाची दुसरी लाट आली तेव्हा माझ्यात सहा आठवडे एक अक्षर पडलं नाही. कोणी सुट्टी मागितलीच नाही. शीला सिस्टर रोज सकाळी मला उघडायच्या, कोरं पान पाहायच्या आणि मिटायच्या. एकदा त्यांना डोळे पुसताना मी पाहिलं. आठवड्याला एक पान, तशी ती सहा कोरी पानं माझ्यात आहेत, मधेच येतात, आणि मला त्यांचा फार अभिमान आहे. हे आत्ता सांगून ठेवते, कारण पुढे दुसऱ्या तऱ्हेची कोरी पानं येणार आहेत.

त्यानंतरच्या वर्षी निशिगंधानं एक रिक्वेस्ट लिहिली. आधी लिहिली, मग खोडली, मग पुन्हा लिहिली. ‘गुरुवारी ऑफ हवा. नागपूरला एका मोठ्या दवाखान्यात मुलाखत आहे.’

मी हबकले. नोकरी सोडायच्या मुलाखतीसाठी नोकरीतूनच सुट्टी मागायची? दुसरी असती तर पोटदुखीचं कारण लिहून मोकळी झाली असती. पण माझ्यात खोटं लिहायची पद्धतच नव्हती. शीला सिस्टरनी वाचलं. लाल पेनाचं टोपण त्यांनी काढलं आणि पुन्हा लावलं. खालच्या वॉर्डातून दोन नर्सेस आधीच गेल्या होत्या, वरून नवी माणसं मिळत नव्हती. मला वाटलं, आज या सरळ ‘नाही’ लिहितील आणि ते बरंच होईल. त्यांनी लिहिलं, ‘जाऊन ये. निळी साडी नेस, ती तुला शोभते.’

गुरुवारी निशिगंधा गेली. शुक्रवारी सकाळी साडेसातला ती टेबलाशी हजर. शीला सिस्टरनी विचारलं, "काय गं, झालं का?"

"झालं सिस्टर. घेऊन राह्यले ते मले. एक तारखेपासून ये म्हणे."

"मग?"

"मंग काय? मी नाई म्हणून सांगतलं त्याईले." तिनं मला खणातून काढलं, लाल शाईतली ती ओळ दाखवली आणि म्हणाली, "तुमीच तं लिहेल आहे, जाऊन ये म्हणून. आली ना मी."

एका पेशंटचं सलाईन पाहायला म्हणून शीला सिस्टर आत निघून गेल्या. त्या वेळी त्या बाजूला कोणाला सलाईन लावलेलंच नव्हतं. उकंडा मामा फरशी पुसता पुसता म्हणाले, "हे पोरगी आता कोठी जात नाई." मीही तेच धरून चालले.

पण शीला सिस्टरनाच जावं लागणार होतं. अठ्ठावन्न पूर्ण झाली. जूनच्या शेवटच्या दिवशी त्यांचा सत्कार झाला, नारळ झाला, शाल झाली. त्याच आठवड्यात निशिगंधानं माझ्यात लिहिलं होतं, ‘१२, १३, १४ जुलै सुट्टी हवी. आईचं गर्भपिशवीचं ऑपरेशन आहे, यवतमाळला. तिच्याजवळ मीच आहे.’ शीला सिस्टरनी सत्काराला जाण्याआधी, म्हणजे खुर्ची सोडता सोडता, त्याखाली लिहिलं, ‘जाऊन ये. आईला माझा नमस्कार सांग.’ त्यांच्या हातची ती माझ्यातली शेवटची ओळ.

नवीन इन्चार्ज आल्या गुंजन मॅडम. अपघात विभागातून बदलून आल्या. शीला सिस्टरनी त्यांना पूर्ण चार्ज दिला. कपाटाच्या किल्ल्या दाखवल्या, ऑक्सिजनचे सिलिंडर मोजून दिले, कुठल्या कॉटचा पाय हलतो तेही सांगितलं. "ही रिक्वेस्टची वही," म्हणून मलाही त्यांच्या हातात दिलं. पण ‘जाऊन ये’ म्हणजेच मंजूर, हे सांगायचं राहिलं. इतकी वर्षं सगळ्यांना ठाऊकच होतं, ते सांगायचं असतं हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. चूक कोणाची म्हणाल तर ती अशी झाली.

गुंजन मॅडम वाईट नव्हत्या हो. मी रागावलेली आहे तरी एवढं खरं बोलते. चाळिशीच्या आतल्या, कामाला वाघीण, हाताला यश. बिघडलेल्या पेशंटजवळ त्या उभ्या राहिल्या की डॉक्टरही शांत व्हायचे. पण त्यांच्या वर मेट्रन होत्या, दवाखान्यातल्या सगळ्या नर्सेसच्या प्रमुख. मेट्रनच्या फोनला एकच उत्तर असायचं. दोन नर्सेस कमी आहेत? मॅनेज करा. बत्तीस पेशंट आहेत? मॅनेज करा. गुंजन मॅडम फोन ठेवायच्या आणि समोर जी उभी असेल तिला म्हणायच्या, "मॅनेज करा." त्यांच्या घरून मुलाचा, पियूषचा फोन यायचा. "बेटा, आज तू मॅनेज कर," असंच त्यालाही सांगायच्या. तो शब्द असा वरून खाली घरंगळत यायचा आणि कुठेच थांबायचा नाही.

ड्यूटीची यादी आता मोबाईलच्या ग्रुपवर यायला लागली. शनिवारी संध्याकाळी टण् करून वाजायचं आणि वॉर्डातल्या चारी मोबाईलमध्ये यादी. माझा त्या ग्रुपवर राग आहे, लपवत नाही. त्याला कव्हर नाही, घोटा नाही, शिवण नाही. आणि त्याला कोणी काही सांगितलं तर खाली एक अंगठा येतो.

यादीत बारा जुलैला निशिगंधाची सकाळची पाळी आली. तिनं ग्रुपवर लिहिलं, ‘मॅडम, माझी रजा वहीत आहे, शीला सिस्टरनी दिली आहे.’ गुंजन मॅडमनी मला उघडलं. ते एकच पान पाहिलं. तिथे मंजूर नव्हतं, सही नव्हती. निवृत्त होणाऱ्या बाईनं मायेनं लिहिलेला निरोप, असं त्यांना वाटलं. चारच पानं मागे उलटली असती तर तसे वीस निरोप दिसले असते. त्यांनी मला मिटलं आणि ग्रुपवर लिहिलं, ‘मंजुरी दिसत नाही. मॅनेज करा.’

आई ऑपरेशनला आत जाणार आणि लेक कसं मॅनेज करणार? निशिगंधा गेली. बारा, तेरा, चौदा, तिन्ही दिवस हजेरीपटावर तिच्या नावापुढे ‘गैरहजर’ पडलं. बारा तारखेला गुंजन मॅडमनी एकटीनं बत्तीस पेशंट पाहिले. त्यांचा डबा संध्याकाळपर्यंत माझ्या शेजारी न उघडता पडून होता, तेही मी सांगते.

पंधराला सकाळी निशिगंधा आली. टेबलावर तिच्या नावाचा मेमो होता. तिनं तो दोनदा वाचला आणि मला उघडून मॅडमसमोर धरलं.

"मॅडम, मी विचारून गेलती. हे पाहा, लाल शाईत लिहेल आहे."

"जाऊन ये लिहिलंय. मंजूर कुठे आहे? सही कुठे आहे?"

"तेच मंजूर असते, मॅडम."

"असं कुठल्या नियमात आहे?"

"नियमात नाई. आपल्या वॉर्डात आहे."

"हे बघ, मला वरती उत्तर द्यावं लागतं. तू नव्हतीस, मी एकटी होते. यापुढे अर्ज द्यायचा, तोही कॉम्प्युटरवर. या वहीचं मी काय करू?"

निशिगंधानं मला मिटून टेबलावर ठेवलं आणि मेमो उचलला. मग ती म्हणाली, "मेमो घेतो मी, मॅडम. पण माय कशी आहे म्हणून एक डाव तरी विचारा ना."

गुंजन मॅडमनी तोंड उघडलं. त्या विचारणार होत्या. मी इतक्या जवळून पाहिलं, त्या विचारणारच होत्या. तेवढ्यात फोन वाजला, मेट्रनचा. "हो मॅडम. हो. करते मॅनेज," असं म्हणत त्या खिडकीकडे वळल्या. फोन संपेपर्यंत निशिगंधा इंजेक्शनची ट्रॉली घेऊन आत गेली होती. तो प्रश्न तिथेच राहिला.

त्यानंतर भांडण वगैरे काही झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. निशिगंधा वेळेवर यायची, वेळेवर जायची. दोन वाजले की हात धुतले. पुढच्या पाळीच्या नर्सला ओव्हर द्यायची, म्हणजे कोणाला काय दिलं, कोणाचं काय राहिलं ते सांगायची. पण पूर्वी ती प्रत्येक कॉटजवळ नेऊन सांगायची, आता टेबलाशी उभ्यानं सांगायला लागली. काम चुकत नव्हतं. नाव ठेवायला जागा नव्हती. ती कोलाम बाई पुन्हा भरती झाली आणि तिनं निशिगंधाकडे पाहून ओळखीचं हसू दिलं, तेव्हा ती हसली, सुई लावली आणि पुढच्या कॉटवर गेली. मला वाटलं, ही पोरगी इथे आहे, पण इथली राहिली नाही.

माझ्यात लिहिणं एकेकीनं बंद केलं. कोणी ठरवून नाही. वैष्णवीनं एकदा पेन उचललं, काहीतरी लिहायला वाकली, मग म्हणाली, "कायले लिवाचं? वाचते कोण?" आणि पेन सोडून दिलं. ते पट्टीला लोंबकळत राहिलं. पुढे कोणीतरी घाईत पट्टी तोडून पेनच घेऊन गेलं. पट्टीचा तुकडा माझ्या शिवणीत अजून आहे. दिवाळीनंतर वैष्णवीनं नोकरी सोडली. मग मला वरच्या खणातून मधल्या खणात टाकलं, मधल्यातून खालच्या.

अंधार झाला की मी माझीच पानं आठवत बसते. कोरोनातली सहा आठवड्यांची कोरी पानं आणि ही आताची कोरी पानं, दिसायला सारखीच आहेत. हात फिरवला तरी फरक कळणार नाही. मला कळतो. तेव्हा कोणी मागत नव्हतं कारण सगळ्यांना इथे थांबायचं होतं. आता कोणी मागत नाही कारण मागण्याइतकंही नातं उरलं नाही. मला फार एकटं वाटतं.

माघ महिन्यात एका दुपारी खालचा खण ओढला गेला. निशिगंधा होती. वॉर्ड जेवणाच्या वेळेला शांत होता. तिनं मला बाहेर काढलं, धूळ पुसली आणि ते गुरुवारचं पान उघडलं. ‘जाऊन ये. निळी साडी नेस.’ ती ते वाचत बसली. त्या अक्षरांवरून तिनं बोटही फिरवलं. मला वाटलं, ही आता लिहील. काहीही लिही बाई, म्हटलं मी, शिव्या लिही, पण लिही. तिनं पेनासाठी पट्टी ओढली. पट्टीला पेन नव्हतं. तिनं मला मिटलं आणि पुन्हा खाली ठेवलं.

राजीनामा तिनं कॉम्प्युटरवर दिला, नियमाप्रमाणे. दोन दिवसांत तो परत आला, त्यावर शिक्का होता ‘मंजूर’ आणि खाली सही. सगळं कसं जागच्या जागी होतं. त्याच नागपूरच्या दवाखान्यात ती गेली. शेवटच्या दिवशी दुपारी दोनला तिनं ओव्हर दिला, पर्स उचलली आणि दाराशी पोहोचली.

"जातो मामा," ती म्हणाली.

उकंडा मामा पोछा घेऊन उभे होते. "असं म्हणू नाई, पोरी. येतो म्हणाव."

ती थांबली. मी खणातून कान देऊन होते. येते, एवढं एक तिनं म्हटलं असतं तर मी आणखी दहा वर्षं या अंधारात काढली असती. ती म्हणाली, "तब्येत सांभाळजा, मामा." मग तिच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला.

त्यानंतर नव्या पोरी आल्या. दोन महिने राहतात, अनुभवाचं पत्र मिळालं की जातात. त्यांची नावं मला ठाऊक नाहीत, कारण कोणी माझ्यात लिहिलीच नाहीत. गुंजन मॅडम आता एका आठवड्यात तीनदा दोन-दोन पाळ्या करतात. खुर्चीवर बसल्या की त्यांचे गुडघे माझ्या खणाला लागतात. त्यांना बोलायलाही कोणी नाही. मी इतके दिवस त्यांच्यावर रागावून होते, पण खणाला टेकलेल्या माणसावर किती दिवस रागावणार?

आणि काल हे झालं. तपासणी येणार म्हणून मॅडम फायली शोधत होत्या. फायलींबरोबर मी वर आले. त्या मला बाजूला टाकणारच होत्या, पण एक्स-रेचं कव्हर खिडकीच्या उजेडात आलं, घोटा दिसला, आणि त्यांनी सहज उघडलं. मग त्या वाचतच गेल्या. पहिल्या पानापासून. सासूबाई, सोंगणी, गणिताचा पेपर, कारण सांगत नाही. जवळजवळ प्रत्येकाखाली लाल शाईत तेच दोन शब्द, पान उलटलं की तेच, पुन्हा तेच. नागपूरच्या पानावर त्या थांबल्या. शेवटी बारा जुलैच्या पानाशी आल्या.

उकंडा मामा तिथेच होते. त्यांनी न विचारताच सांगितलं, "तेच सही होती मॅडम, शीला सिस्टरची. दुसरी सही त्या करतच नोहत्या."

"मला का नाही सांगितलंत तुम्ही?"

"तुमी विचारलं नाई. अन् आमाले वाटलं, तुमाले माहीत असन."

मॅडमनी मान खाली घातली. मग विचारलं, "मामा, निशिगंधाची आई कशी आहे?"

"बरी आहे म्हणते. वावरात जाऊन राह्यली."

मामा बादली घेऊन गेले. मॅडम एकट्याच होत्या. त्यांनी मला मिटलं नाही. खिशातलं पेन काढलं, निळं, आणि पुढच्या कोऱ्या पानावर त्यांनी लिहिलं. किती दिवसांनी माझ्या अंगावर शाई पडली! मला वाटलं, त्या नियम लिहितील, नाहीतर निशिगंधासाठी काही लिहितील. त्यांनी लिहिलं :

‘१४ तारखेला दुपारी तीन तास हवेत. पियूषच्या शाळेत स्नेहसंमेलन आहे. तो नाटकात झाड झाला आहे. त्याला एकही वाक्य नाही, पण आई ये म्हणतो. — गुंजन’

मग त्यांनी ते वाचलं आणि खालच्या मोकळ्या ओळीकडे पाहत राहिल्या. त्या ओळीवर लिहिणारं वॉर्डात कोणी नाही. शीला सिस्टर निवृत्त झाल्या. निशिगंधा असती तर तिनं निळ्या शाईत लिहिलं असतं, ‘ही पाळी मी करते,’ पण ती नागपूरला आहे. आणि मेट्रन काय म्हणतील ते मला माहीत आहे, तुम्हालाही आहे. तेवढ्यात आतून कोणीतरी "सिस्टर!" म्हणून हाक मारली. मॅडमनी मला खणात टाकलं आणि त्या धावल्या. खण पूर्ण लागलाच नाही. निम्म्यात अडकला. त्या फटीतून मी बोलतेय.

मला लिहिता येत नाही. माझ्यावर लिहितात, मी लिहीत नाही. नाहीतर मीच लिहिलं असतं, सगळा राग विसरून. म्हणून तुम्हाला विनवते. घाटंजीच्या एसटीनं कधी या बाजूला आलात, फाटकासमोर उतरलात, तर बायकांच्या वॉर्डात या. खालचा खण जरा जोर लावून ओढा. घोट्याचं कव्हर असलेली वही मीच. बारा जुलैच्या पुढचं पान उघडा आणि त्या बाईच्या ओळीखाली दोन शब्द लिहा. लाल पेन नसलं तर कुठलंही चालेल. तुमची सही नको, तारीखही नको.

आज अकरा तारीख आहे. अजून तीन दिवस आहेत.